आणखी पाच हजार

पंधरा हजार रुपयांचे बजेट ठरवून मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलेला आणि बेचाळीस हजारांचे बिल घेऊन परतलेला माणूस आपल्याकडे चेष्टेचा विषय होतो. घरचे हसतात, मित्र हसतात, खोकी लिफ्टमध्ये ठेवायला मदत करणारा वॉचमनही हसतो. ही चेष्टा थांबायला हवी. चालते ग्राफिक्स कार्ड काढून नवे बसवणारा मध्यमवर्गीय हा आपल्या काळातला मोठा लोकहितैषी आहे, आणि त्याच्या निर्णयामागची विचारपद्धती कोणीतरी एकदा शांतपणे मांडायला हवी.

उदाहरणादाखल आमच्या परिचयातले डोंबिवलीचे एक गृहस्थ घेऊ. त्यांच्याकडे एनव्हिडियाचे सहा जीबीचे जीटीएक्स १०६० हे कार्ड होते. जुलै २०१६ मध्ये ते बाजारात आले आणि गृहस्थांनी पुढच्याच वर्षी दिवाळीच्या बोनसातून ते घेतले. १२० वॅटवर चालणारे, कसलाही गाजावाजा न करणारे हे कार्ड स्टीम या खेळविक्रीच्या ऑनलाइन दुकानाच्या पाहणीत कित्येक वर्षे पहिल्या नंबरावर होते. म्हणजे गृहस्थ एकटे नव्हते. शनिवारी रात्री ते जीटीए ५ खेळत, मुलगा रोज व्हॅलोरंट खेळे, आणि घरात कोणी जागे नसले की गृहस्थ २००६ सालचे क्रिकेट ०७ लावून बसत. या तिन्हींपैकी कशालाही कार्डाने कधी नाही म्हटले नाही. मॉनिटर ६० हर्ट्झचा. कार्डाने सेकंदाला २०० चित्रे काढली तरी असा पडदा ६०च दाखवतो, आणि ६० तर ते सहज काढत होते.

मग कार्ड बदलायचे कशाला, असे कोणी विचारील. गृहस्थांचा मोठेपणा नेमका इथेच आहे. पंखा अडकला, पडद्यावर रंगीत पट्टे उमटले, कार्डाने राम म्हटला, की कोणीही उठून नवे आणतो. त्यात माणसाची कसोटी लागत नाही. धडधाकट वस्तूला निवृत्त करायला मात्र निश्चय लागतो. पत्नीने त्यांना एकच प्रश्न विचारला, ‘आधीचं बंद पडलंय का?’ गृहस्थांकडे उत्तर नव्हते. ज्याला उत्तर नाही तो प्रश्न अप्रस्तुत, या तत्त्वाने त्यांनी तो बाजूला ठेवला आणि भाव काढायला सुरुवात केली.

निष्पक्षपणे सांगायचे तर कार्ड बदलायला खरी कारणेही असतात. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधला ‘डूम : द डार्क एजेस’ या खेळांना रे ट्रेसिंगची सोय असलेलेच कार्ड लागते, आणि १०६० मध्ये ती सोय नाही. त्या पिढीच्या कार्डांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर मिळणेही ऑक्टोबर २०२५ पासून संपले. सुरक्षेपुरते अपडेट तेवढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील. ज्याला असले खेळ खेळायचे आहेत त्याने कार्ड बदलले तर ती गरज झाली, आणि गरजेचे कसले कौतुक? आमच्या गृहस्थांना यातला एकही खेळ खेळायचा नव्हता. त्यांच्या निर्णयाला स्वार्थाचा वास येत नाही तो यामुळेच.

बजेट त्यांनी १५ हजार ठरवले. ठरवले म्हणजे वहीत लिहिले, पत्नीला दाखवले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. बजेट हे खर्चाला लगाम घालण्यासाठी असते असा एक जुना समज आहे. प्रत्यक्षात ते दुकानदाराशी बोलणे सुरू करण्यासाठी असते.

‘किती बजेट आहे, साहेब?’

‘पंधरा.’

‘पंधरा-सोळात आरटीएक्स ३०५० बसेल, सहा जीबीवालं,’ दुकानदार म्हणाला, पण त्याने खोका काढला नाही. जाणत्यांनी हे लक्षात ठेवावे. मुरलेला दुकानदार पहिल्या उत्तराचा खोका कधीच काढत नाही. ‘पण खरं सांगू का? आणखी पाच हजार टाका आणि आठ जीबीचं आरएक्स ६६०० घ्या. एकदम वरच्या लेव्हलला जाल.’

गृहस्थ विसावर आले. विसावर उभे राहून पाहिले तर आणखी पाच हजारांवर बारा जीबीचे ३०६० दिसत होते, आणि बारा हे आठांपेक्षा जास्त असतात हे कोणीही नाकारणार नाही. पंचविसावर पोचल्यावर लक्षात आले की ३०६० आले होते २०२१ च्या फेब्रुवारीत. नवे घ्यायला निघालेल्या माणसाने चार वर्षांपूर्वीचे कार्ड का घ्यावे? आणखी पाच हजारांत नवेकोरे आरटीएक्स ५०६० काचेच्या कपाटात झळकत होते. त्यात पुन्हा मेमरी आठच जीबी होती, पण तोवर मेमरीचा मुद्दा मागे पडला होता.

या हिशेबात चूक कुठे आहे ते टीकाकारांनी दाखवून द्यावे. एकाही पायरीवर गृहस्थांनी पाच हजारांहून अधिक वाढीव खर्चाचा निर्णय घेतलेला नाही. पंधराचे तीस झाले हे खरे. पण ते गृहस्थांनी केले नाहीत, बेरजेने केले. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपले पूर्वज सांगत. त्यांच्या काळी अंथरूण नो-कॉस्ट ईएमआयवर मिळत नव्हते.

शिवाय या पैशाची राष्ट्रीय बाजू पाहा. ५०६० जाहीर झाले ते २९९ डॉलरला. डॉलर ८५ रुपये धरला तर होतात साधारण २५,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी चढवला की रक्कम जवळजवळ ३० हजारांवर जाते, आणि त्यातले साडेचार हजारांहून अधिक रुपये सरळ सरकारजमा होतात. एवढ्या पैशांत कल्याण-शीळ रस्त्यावरचा एखादा खड्डा आरामात बुजेल. तो बुजलेला नाही, पण त्यात गृहस्थांचा दोष नाही. त्यांनी आपल्या वाटणीचे दिले.

कार्डाचे पैसे मोजून झाल्यावर दुकानदाराने सहज विचारले, ‘एसएमपीएस कोणता आहे?’ हा प्रश्न पैसे मोजायच्या आधी विचारता आला असता, असे काही संशयी लोक म्हणतील. घरच्या कॅबिनेटबरोबर आलेल्या, कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅटचे स्टिकर होते, आणि स्टिकर खरे असेल असे गृहीत धरणारा माणूस भारतीय बाजारात अजून जन्मायचा आहे. ५०६० स्वतः १४५ वॅट घेते, पण कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. तेव्हा चार हजार तिथे गेले. मग मॉनिटरची गोष्ट निघाली. इतक्या वेगवान कार्डासमोर ६० हर्ट्झचा पडदा ठेवणे हा कार्डाचा अपमान झाला असता, म्हणून आठ हजारांत १४४ हर्ट्झचा घेतला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे म्हणून हिणवायची आपल्याकडे पद्धत आहे. इथे कोंबडी तीस हजारांची आणि मसाला केवळ बाराचा. म्हणीशी ताडून पाहिले तर गृहस्थांचा व्यवहार काटकसरीचाच म्हणावा लागेल.

एक गोष्ट त्या दिवशी राहून गेली, ती मात्र पुढच्या वर्षाच्या तरतुदीत आहे. ५०६० मदरबोर्डाशी आठच लेनमधून बोलते. नव्या बोर्डावर त्या आठ लेन पीसीआय एक्सप्रेस ५.० च्या वेगाने धावतात, तर गृहस्थांच्या २०१७ च्या बोर्डावर ३.० च्या, म्हणजे बरोबर पाव वेगाने. खेळ आठ जीबीत मावला तर याचा फारसा पत्ता लागत नाही. आठ जीबी भरून मेमरी वाहू लागली की मात्र सगळा भार त्या आठ लेनवर येतो आणि चित्र अडखळते. थोडक्यात, ज्याच्याकडे जुना कॉम्प्युटर आहे, आणि म्हणून ज्याला स्वस्तातले कार्ड हवे आहे, त्यालाच या मांडणीचा चटका बसतो. जो महागातले कार्ड घेतो त्याला पूर्ण सोळा लेन मिळतात. उपाय अर्थातच सोपा आहे. बोर्ड बदलायचा, बोर्ड बदलला की प्रोसेसर, प्रोसेसर बदलला की रॅम. डेटा सेंटरांच्या भुकेमुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, त्यामुळे गृहस्थांचे पुढचे योगदान अधिकच भरीव ठरेल अशी चिन्हे आहेत.

ग्राहक इतका उदार असताना कंपन्यांनी हात आखडता घेतला असता तर ते शोभले नसते. त्यांनीही ग्राहकाची बुद्धी तल्लख राहावी म्हणून पुष्कळ केले आहे. २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९७० वर चार जीबी मेमरी होती. चारच्या चार होती, त्याबद्दल वाद नाही; फक्त त्यातली शेवटची अर्धी जीबी इतरांपेक्षा पुष्कळ संथ चाले, आणि ही गोष्ट कंपनीने सांगितली नव्हती. खरेदीदारांनीच ती काही महिन्यांनी हुडकून काढली. त्यावर एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी खुले पत्र लिहिले. त्याचा आशय असा होता की तिनाची चार जीबी करण्याची युक्ती आम्ही शोधून काढली, पण काही लोकांना तिचा आनंद होण्याऐवजी आधी नीट सांगितले नाही याचेच वाईट वाटले. अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेले आणि शेवटी तिथल्या ग्राहकांना कार्डामागे ३० डॉलर द्यायचे ठरले. आपल्याकडचे ग्राहक त्या तडजोडीत नव्हते. त्यांना सगळी चार जीबी तशीच ठेवून घ्यावी लागली.

पुढे नावांच्या बाबतीतही कंपनीने ग्राहकाला आळशी होऊ दिले नाही. ज्या १०६० ची आपण इथे बोळवण करत आहोत त्याला तीन जीबीचा एक जुळा भाऊ होता. नाव तेच, मेमरी निम्मी, आणि नाव वाचून कधीच कळणार नाही अशी गोष्ट म्हणजे कोअरही १२८० ऐवजी ११५२. सहा जीबीच्या ३०५० चे तसेच, ते आठ जीबीच्या ३०५० पेक्षा मेमरीनेच नव्हे तर कोअरनेही कमी आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये एकाच वेळी दोन आरटीएक्स ४०८० जाहीर झाली, एक सोळा जीबीचे, दुसरे बारा जीबीचे, आणि दोहोंची मूळ चिपच वेगळी. लोकांनी बोंब मारल्यावर बारा जीबीवाले मागे घेतले गेले, आणि जानेवारीत ते ४०७० टीआय या नावाने परत आले ते १०० डॉलरने स्वस्त होऊन. नाव बदलल्याने माणसाचे नशीब बदलते असे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कार्डाचे बदलते, एवढे तरी सिद्ध झाले.

एकाच कंपनीचे गुण गाऊन आम्ही दुसरीवर अन्याय करू इच्छित नाही. एएमडीने जून २०२० मध्ये एक लेख लिहून बजावले होते की आजच्या खेळांना चार जीबी मेमरी अपुरी पडते. जानेवारी २०२२ मध्ये याच कंपनीने आरएक्स ६५०० एक्सटी आणले, चार जीबीचे आणि अवघ्या चार लेनचे, तेही गरीब ग्राहकाच्या कळवळ्याने. त्याच सुमारास तो लेख कंपनीच्या संकेतस्थळावरून दिसेनासा झाला आणि बोभाटा झाल्यावर पुन्हा प्रकट झाला. मत बदलण्याची ही तयारी आपल्याकडच्या कित्येक पक्षांनी वाखाणावी अशी आहे.

पण खरी झेप आली जानेवारी २०२५ मध्ये. लास व्हेगासच्या व्यासपीठावरून एनव्हिडियाने जाहीर केले की ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे १५९९ डॉलरच्या ४०९० इतके काम करील. हे कसे, तर पडद्यावर दिसणाऱ्या चार चित्रांपैकी एकच कार्ड खरोखर काढते आणि उरलेली तीन कृत्रिम बुद्धिमत्ता अंदाजाने रंगवते. डोळ्याला हालचाल गुळगुळीत वाटते. बोटाला मात्र कळते, कारण बटण दाबल्याचा परिणाम खऱ्या चित्रातच उमटतो. मुळातली खरी चित्रेच कमी असली तर मधल्या अंदाजांनी फारसे साधत नाही, आणि हा अंदाज बांधायलाही मेमरी लागते, म्हणजे आठ जीबीवाल्याकडे जी आधीच कमी आहे तीच. तरीही आम्ही या शोधाचे स्वागत करतो. सरकारी अहवाल वाचत मोठा झालेला नागरिक एका आकड्यातून चार आकडे निघताना पाहून गोंधळत नाही.

काहींचा सवाल असतो की पैसे कमी आहेत तर मग सेकंडहँड का नाही? गृहस्थांनी तोही विचार केला होता. जुन्या कार्डांच्या बाजाराला एक वैभवाचा काळ लाभला. २०२० पासून जगभर लोक ही कार्डे इथेरियम या आभासी चलनाच्या माइनिंगला जुंपत होते, त्यामुळे खेळणाऱ्याला कार्ड मिळेना आणि मिळाले तर दुप्पट भावाने मिळे. फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हिडियाने ३०६० वर माइनिंगचा वेग निम्मा करणारे कुलूप बसवले. ते ड्रायव्हर, चिप आणि बायॉस अशा तिहेरी बंदोबस्ताचे आहे, तोडता येणार नाही, असे सांगितले गेले, आणि ते कोणाला तोडावेही लागले नाही. पुढच्याच महिन्यात कंपनीच्याच एका ड्रायव्हरने ते उघडले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली, माइनिंग एका दिवसात संपले, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. तेव्हापासून जाहिरातीत प्रत्येक कार्ड ‘फक्त घरगुती वापराचे’ असते, बिल हरवलेले असते आणि विकणारा परदेशी निघालेला असतो. इतकी माणसे परदेशी निघाली असतील तर विमानतळावर ग्राफिक्स कार्डांसाठी वेगळी रांग लावायला हरकत नव्हती. गृहस्थांनी या बाजाराकडे पाठ फिरवली ती योग्यच केली. वास्तविक नीट पाहून, तासभर चालवून, वॉरंटी शिल्लक असलेले जुने कार्ड त्यांना निम्म्या पैशांत मिळाले असते. पण मग आणखी पाच हजार कोणाला दिले असते?

घरातल्या बाजूकडे वळू. मोठी खरेदी एकट्याच्या जिवावर होत नाही, तिला घराचा पाठिंबा लागतो, आणि आपल्या घरात पाठिंबा मिळवण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे : अभ्यासासाठी. ‘त्याला पुढे एआय शिकायचं आहे, त्यासाठी लागतंच,’ असे गृहस्थांनी सांगितले. मुलाने तत्परतेने मान हलवली. व्हॅलोरंट खेळणाऱ्या पिढीची अभ्यासाविषयीची ही आस्था पाहून कोणाचेही मन भरून यावे. एआय शिकायला मेमरी जितकी जास्त तितकी बरी, आणि तसे पाहिले तर गृहस्थ मागे सोडून आले ते बारा जीबीचे ३०६० अधिक उपयोगाचे होते. पण शिक्षणात साधनांपेक्षा प्रेरणा महत्त्वाची. नव्या कार्डावरचे दिवे सात रंगांत लागतात.

मुहूर्ताचीही अडचण आली नाही. आपल्याकडे साडेतीन मुहूर्त आहेत आणि प्रत्येकाच्या आगेमागे कुठला ना कुठला सेल असतोच. गृहस्थांनी दसरा साधला. कार्ड, एसएमपीएस आणि मॉनिटर यांना हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल कॅबिनेटच्या जाळीवर ठेवले, आणि ते पंख्यात जाईल म्हणून लगेच काढले. मग सगळे जोडून चालू केले. पहिल्या रात्री गृहस्थ पहाटे दोनपर्यंत जागे होते. नव्या १४४ हर्ट्झच्या पडद्यावर, २०२५ च्या कार्डावर त्यांनी क्रिकेट ०७ लावले. चेंडू पूर्वीसारखाच फिरला. गृहस्थ म्हणाले, फरक जाणवतो.

या निष्ठेची बूज राखली जाते का, हा एक हळवा प्रश्न आहे. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाची विक्री १३०.५ अब्ज डॉलर होती. त्यातले ११५.२ अब्ज डेटा सेंटरांकडून आले. खेळणाऱ्यांकडून आले ११.३५ अब्ज, म्हणजे दर शंभर डॉलरमागे नऊसुद्धा नाहीत. कंपनी ज्यांच्या बळावर उभी राहिली ते गिऱ्हाईक आता तिच्या ताळेबंदात एका ओळीपुरते उरले आहे. कोणी दुसरा असता तर रुसला असता. आपला माणूस रुसत नाही. तो पुढच्या पिढीचे कार्ड कधी येणार याच्या बातम्या वाचतो आणि ‘या वेळी मेमरी वाढवतील’ असे म्हणतो. एकतर्फी प्रेमाच्या कथांवर आपल्याकडे पुष्कळ सिनेमे निघाले, परंतु त्यातल्या एकाही नायकाने अठरा टक्के जीएसटी भरलेला नाही.

आता थोडे अप्रिय बोलायला हवे. समाजात सगळेच असे नसतात. बदलापूरला आमचे दुसरे एक परिचित राहतात. त्यांच्याकडेही हेच १०६०, त्याच सुमारास घेतलेले. गेल्या उन्हाळ्यात ते तापून अडखळू लागले. या गृहस्थांनी कॅबिनेट उघडले, रंगकामाच्या ब्रशने आठ वर्षांची धूळ झाडली, चार स्क्रू काढून वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसली आणि नवी लावली. तापमान दहा-बारा अंशांनी उतरले, पंख्याचा आवाज थांबला. मग खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी सावल्या ‘अल्ट्रा’वरून ‘मीडियम’वर आणल्या. सावलीची कड थोडी भुरकट झाली. धावताना सावलीची कड पाहत बसायची त्यांना सवय नाही. जिथे तरीही जड गेले तिथे त्यांनी एफएसआर चालू केले. हे तंत्र एएमडीने २०२१ मध्ये आणले, ते चित्र लहान काढून मोठे करून दाखवते आणि फुकट असते, शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या जुन्या कार्डांवरही चालते. एनव्हिडियाचे स्वतःचे एआयवर चालणारे असले तंत्र मात्र १०६० वर चालत नाही. म्हणजे एनव्हिडियाच्या म्हाताऱ्या कार्डाची सेवा एएमडी करते आहे, आणि हे गृहस्थ ती दोन्ही हातांनी करून घेत आहेत.

त्यांचा एकूण खर्च, ब्रश घरचाच धरून, पेस्टच्या नळीचे ४०० रुपये. त्यात जीएसटी सुमारे ६१ रुपये. देशाच्या तिजोरीत एका धट्ट्याकट्ट्या, नोकरीत असलेल्या, कर्ज नसलेल्या पुरुषाचे या वर्षीचे ग्राफिक्सविषयक योगदान ६१ रुपये आहे हे लिहिताना आमचा हात थरथरतो. आम्ही त्यांना विचारले की नवे घ्यावेसे वाटत नाही का. ते म्हणाले, वाटते ना, महिन्यातून एकदा भाव बघतो. मग? मग झोपतो, म्हणाले. जो खेळ चालत नाही तो ते घेत नाहीत. दोन-तीन वर्षांनी कार्ड घेतील तेव्हा तोच खेळ पाव किमतीत मिळेल आणि त्यातल्या चुकाही तोवर दुरुस्त झालेल्या असतील, असा त्यांचा हिशेब आहे. शिवाय कार्ड घ्यायचे ते एकदाच, मेमरी पुरेशी पाहून, आणि बजेटच्या आकड्यावर घ्यायचे, असेही ते म्हणतात. बाजारात अशी माणसे वाढली तर लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराला पहिल्याच उत्तराचा खोका काढावा लागेल, आणि तो व्यवसाय त्या दिवशी बसेल.

अशा माणसांवर बळजबरी करता येत नाही. समजावत राहणे एवढेच हाती असते. सुदैवाने त्यांच्या मुलीने यंदा अकरावीला कॉम्प्युटर सायन्स घेतले आहे. तिला अभ्यासासाठी काय काय लागेल याची यादी करून द्यायला आमचे डोंबिवलीचे गृहस्थ येत्या रविवारी बदलापूरला जाणार आहेत. बजेट किती, ते त्यांनी फोनवर आधीच विचारून ठेवले आहे.